चौरस्त्यावरील महादुकान : फ्रान्समधील 'कारफूर'ची वाढ व तिच्यापासून शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध

गेल्या खरिपात एका गावी टोमॅटो उत्पादकांच्या गटाची सभा भरली होती. लागवडीचे अंतर, झाडांची बांधणी व करप्याचे नियंत्रण यांविषयी बोलणे झाल्यावर मागे बसलेले एक वयस्क शेतकरी उठून उभे राहिले व म्हणाले, "साहेब, करप्याचं आमचं आम्ही बघू. पण शहरातल्या मोठ्या दुकानांच्या गाड्या आता बांधापर्यंत यायला लागल्यात. परवा माझ्या चाळीस क्रेटांतले पंधरा त्यांनी आकार बारीक म्हणून परत लावले. ही माणसं आमच्या भल्याची का वाईटाची, तेवढं सांगा."

या प्रश्नाचे नीटसे उत्तर त्या सभेत मला देता आले नाही. बाजार समितीतील अडत, तोलाई व हमाली यांचा हिशेब आपल्या शेतकऱ्यास पाठ असतो. परंतु एकाच मालकीची शेकडो दुकाने चालविणारा खरेदीदार कसा विचार करतो, त्याचा नफा कोठून येतो व त्याच्याशी व्यवहार कसा करावा, याची माहिती गावापर्यंत फारशी पोहोचलेली नाही. अशी दुकाने ज्या देशात साठ वर्षांपूर्वी उभी राहिली, तेथील हकिगत पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे मिळते. म्हणून फ्रान्समधील 'कारफूर' या दुकानसाखळीची वाढ व कार्यपद्धती येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

चौरस्त्यावरील आरंभ

फ्रेंच भाषेत 'कारफूर' म्हणजे चौरस्ता. फ्रान्सच्या पूर्व भागात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी आनेसी नावाचे गाव आहे. तेथे मार्सेल फूर्निए यांचे कापडचोपड व इतर वस्तूंचे दुकान होते. शेजारच्या एँ जिल्ह्यात देफोरे घराण्याचा किराणा मालाचा घाऊक व्यापार होता. फूर्निए आणि देनी व जाक हे देफोरे बंधू यांनी १९५९ साली भागीदारीत कंपनी स्थापन केली, आणि १९६० साली आनेसी येथील एका चौरस्त्यावर आपले पहिले स्वयंसेवा दुकान उघडले. त्यावरूनच साखळीस हे नाव पडले.

त्या काळी फ्रान्समध्येही गावोगाव लहान वाणी, खाटीक, पाववाले व भाजीवाले होते. गिऱ्हाइकाने मागावे व दुकानदाराने काढून, तोलून द्यावे अशी रीत होती. या रीतीस पहिला मोठा धक्का एदुआर लेक्लेर यांनी दिला. त्यांनी १९४९ साली पश्चिमेकडील लांदेर्नो या गावी घाऊक दराच्या जवळपास भावाने माल विकण्यास आरंभ केला होता. आनेसीच्या भागीदारांपुढे हे उदाहरण होते. शिवाय ते अमेरिकेतील डेटन शहरी जाऊन आले. तेथे पैसे मोजण्याची यंत्रे बनविणाऱ्या कंपनीच्या वतीने बर्नार्दो त्रुहियो हे गृहस्थ दुकानदारांसाठी व्याख्याने देत असत. काही मोजक्या वस्तू अगदी स्वस्त विकून गिऱ्हाइकास दुकानात आणावे, मोटारी उभ्या करण्यास भरपूर जागा द्यावी आणि सर्व माल एका छपराखाली मांडावा, हा त्यांच्या शिकवणीचा सारांश होता.

दिनांक १५ जून १९६३ रोजी पॅरिसच्या दक्षिणेस सेंत-जनव्हिएव्ह-दे-ब्वा या उपनगरात कारफूरने सुमारे २,५०० चौरस मीटरचे दुकान उघडले. आपल्या मापाने सांगावयाचे तर जवळजवळ पंचवीस गुंठे जमीन केवळ विक्रीच्या मांडणीखाली होती. सुमारे चारशे मोटारींस पुरेल एवढे आवार, धान्य व भाजीपाल्यापासून कपड्यांपर्यंत सर्व माल, आणि आवारातच स्वस्त पेट्रोलचा पंप अशी त्याची रचना होती. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या परिसरात १९६१ सालीच अशा धाटणीचे दुकान निघाले होते; परंतु फ्रान्समधील हे पहिलेच होते. पुढे १९६६ साली लियाँ शहराजवळ व्हेनिसिए येथे उघडलेले दुकान सुमारे एक हेक्टरचे, म्हणजे जवळजवळ अडीच एकरांचे होते. अशा दुकानास 'हायपरमार्केट' हे नाव त्यानंतर रूढ झाले. २,५०० चौरस मीटर वा त्याहून अधिक विक्रीची जागा आणि विक्रीत अन्नपदार्थांचा किमान एकतृतीयांश हिस्सा असेल, त्यास फ्रान्सच्या सांख्यिकी खात्यात हायपरमार्केट समजतात.

स्वस्ताई कशी साधली

भाव कमी ठेवूनही नफा कसा झाला, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले कारण जागेचे. शहराच्या मध्यवस्तीऐवजी वेशीबाहेर, जेथे जमीन स्वस्त होती तेथे दुकान बांधले. दुसरे कारण मजुरीचे. गिऱ्हाईक स्वतःच गाडी ढकलीत माल उचलते व शेवटी एकदाच पैसे देते, त्यामुळे विक्रीच्या मानाने नोकर कमी लागतात. तिसरे कारण उलाढालीचे. एका नगावर थोडा नफा घ्यावयाचा, पण माल वर्षातून अनेकदा फिरवावयाचा, हे धोरण ठेवले. चौथे कारण काळाचे. त्याच सुमारास फ्रेंच कुटुंबांत मोटार व शीतपेटी येऊ लागली होती. आठवड्याचा बाजार एका फेरीत करून घरी थंड ठेवता येऊ लागला आणि रोज वाण्याकडे जाण्याची गरज उरली नाही.

येथपर्यंतच्या गोष्टी कोणाही हुशार व्यापाऱ्यास सुचण्याजोग्या आहेत. पाचवे कारण मात्र शेतकऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे. ते पैशाच्या फिरतीचे आहे.

गिऱ्हाईक गल्ल्यावर रोख पैसे देते, आणि दुकान मात्र माल पुरविणाऱ्यास काही आठवड्यांनी पैसे चुकते करते. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एक दुकान दररोज एक लाख रुपयांचा भाजीपाला तीस दिवसांच्या उधारीवर घेते, आणि तो माल दोन दिवसांत विकला जातो. महिना भरताच पुरवठादारांचे तीस लाख रुपये दुकानाकडे देणे राहतात. त्यांपैकी न विकलेला माल फक्त दोन लाखांचा. म्हणजे पुरवठादारांचे अठ्ठावीस लाख रुपये दुकानाच्या हाती कायम खेळत राहतात. दर साल दर शेकडा बारा प्रमाणे त्यांचे व्याजच वर्षाला तीन लाख छत्तीस हजार होते. मालावरील नफा याहून वेगळा. दुकाने जशी वाढतात, तशी ही बिनव्याजी रक्कमही वाढते व तिच्यातून पुढील दुकान उभे राहते. कारफूरसारख्या साखळ्यांच्या झपाट्याच्या वाढीत उधारीच्या या मुदतीचा वाटा मोठा होता. शेतकऱ्याने भावाइतकेच लक्ष पैसे मिळण्याच्या मुदतीकडे का द्यावे, हे यावरून स्पष्ट होईल.

विस्तार आणि माघार

१९७० साली कंपनीचे भाग पॅरिसच्या रोखेबाजारात आले. १९७३ साली स्पेनमध्ये व १९७५ साली ब्राझीलमध्ये कारफूरची दुकाने निघाली. १९७६ साली कंपनीने कोणत्याही कारखानदाराच्या नावाची छाप नसलेल्या, साध्या वेष्टनातील पन्नास वस्तू स्वस्त दराने विक्रीस ठेवल्या. त्यामुळे वस्तूच्या नावाचे वजन कारखानदाराकडून दुकानाकडे सरकू लागले. १९८९ साली तैवान व १९९५ साली चीन येथे प्रवेश झाला. १९९९ साली प्रोमोदेस ही दुसरी मोठी फ्रेंच साखळी कारफूरमध्ये विलीन झाली, आणि ही संस्था युरोपात पहिल्या व जगात दुसऱ्या क्रमांकाची किरकोळ विक्रेती ठरली.

तथापि सर्वत्र यश आले असे नाही. जपानमधून २००५ साली व दक्षिण कोरियातून २००६ साली तिला बाहेर पडावे लागले. चीनमधील व्यवसायाचा ऐंशी टक्के हिस्सा २०१९ साली विकावा लागला. तरीही २०२३ साली चाळीसहून अधिक देशांत चौदा हजारांहून अधिक दुकानांवर तिची पाटी होती व वर्षाची विक्री सुमारे ९४ अब्ज युरो होती. यांपैकी पुष्कळ दुकाने लहान आहेत व अनेक स्थानिक मालकांनी परवान्यावर चालविलेली आहेत.

या वाढीचा भार ज्यांच्यावर पडला ते लहान दुकानदार स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्या चळवळीमुळे फ्रान्समध्ये डिसेंबर १९७३ मध्ये 'र्‍वाये कायदा' झाला. त्यान्वये लहान गावांत १,००० व मोठ्या शहरांत १,५०० चौरस मीटरहून मोठे दुकान उघडण्यास स्थानिक समितीची परवानगी आवश्यक ठरली. १९९६ साली ही मर्यादा ३०० चौरस मीटरवर आणली गेली. मात्र देशात नवीन दुकान उघडणे कठीण झाले तेव्हा मोठ्या साखळ्यांनी दुसऱ्यांची दुकाने विकत घेण्यास व परदेशी जाण्यास अधिक वेग दिला. कायद्याने वाट अडविली तर व्यापार दुसरी वाट काढतो, हा अनुभव तेथेही आला.

खरेदीच्या मेजापलीकडे

आता शेतकऱ्याच्या बाजूकडे वळू. प्रारंभीच्या काळात कारफूरच्या प्रत्येक दुकानातील विभागप्रमुखास खरेदीचे बरेच अधिकार होते. भाजीपाला विभागाचा प्रमुख आसपासच्या बागायतदाराशी स्वतः बोलून सौदा करू शके. कालांतराने, विशेषतः १९९९ च्या विलीनीकरणानंतर, खरेदी मध्यवर्ती कचेरीकडे एकवटली. देशभरच्या दुकानांसाठी एकाच ठिकाणी करार होऊ लागले. २०१४ नंतर तर प्रतिस्पर्धी साखळ्यांनीही खरेदीपुरते एकत्र येऊन गट केले. परिणामी विकणारे असंख्य आणि घेणारे बोटांवर मोजण्याइतके, अशी स्थिती झाली.

घेणारे थोडे असले म्हणजे अटी तेच घालतात. फळीवर चांगली जागा, जाहिरात व सवलतीचे आठवडे यांसाठी पुरवठादाराकडून वेगळी रक्कम घेण्याची प्रथा फ्रान्समध्ये वाढली. बिलावरील भाव एक व प्रत्यक्ष हाती पडणारा भाव दुसरा, असे होऊ लागले. आपल्याकडे पट्टी हाती आल्यावर भावाखाली कपातीची ओळ वाचून शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच की तेथे तो कारखानदार व सहकारी संस्थांच्या मार्फत शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो.

या विषयावर तेथे कायदे झाले. २००८ च्या कायद्याने उधारीच्या मुदतीस सर्वसाधारणपणे साठ दिवसांची मर्यादा घातली. २०१८ च्या 'एगालिम' कायद्याने दुकानांना अन्नपदार्थ खरेदी दरावर किमान दहा टक्के चढवूनच विकण्याचे बंधन घातले आणि कराराचा भाव ठरविताना शेतकऱ्याच्या उत्पादनखर्चाचे मान विचारात घेण्याची रीत घालून दिली. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन शेतकरी व पहिला खरेदीदार यांच्यात अनेक वर्षांचा लेखी करार असावा, असे ठरले. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार मोठ्या खरेदीदाराने नाशवंत मालाचे पैसे तीस दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि नाशवंत मालाची मागणी ऐन वेळी रद्द करता येत नाही.

एवढे होऊनही जानेवारी २०२४ मध्ये फ्रेंच शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेऊन महामार्ग अडविले. काही ठिकाणी मोठ्या दुकानांच्या गोदामांपुढेही त्यांनी ठाण मांडले. त्यांच्या तक्रारी अनेक होत्या, पण उत्पादनखर्चही न निघणारा भाव ही त्यांतील प्रमुख होती. १९७० साली फ्रान्समध्ये सुमारे सोळा लाख शेतीघटक होते; २०२० च्या गणनेत ते चार लाखांच्या आत आले. यंत्रांचा प्रसार, तरुणांचे शहराकडे जाणे व शेतांचे एकत्रीकरण ही त्याची मोठी कारणे आहेत. सर्व दोष दुकानांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु एकेकट्या लहान शेतकऱ्यास या बाजारात टिकणे अवघड गेले, हे निश्चित.

सँ-पोल-द-लेओंच्या शेतकऱ्यांनी काय केले

याच काळातील दुसरी हकिगत अधिक बोधप्रद आहे. फ्रान्सच्या पश्चिम टोकास ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. हा ब्रिटन देश नव्हे. तेथील सँ-पोल-द-लेओं भागात फुलकोबी व आर्टिचोक या भाज्यांचे पीक मोठे आहे. लेक्लेर यांचे लांदेर्नो गाव याच भागातले. १९६० च्या सुमारास येथील शेतकरी माल गाडीत भरून बाजारपेठेत येत व रांगेत उभे राहत. व्यापारी एकेका गाडीपाशी येऊन भाव सांगे. दुपार होईपर्यंत माल विकला नाही तर तो सुकणार, हे व्यापाऱ्यासही ठाऊक असे. आवक वाढली की भाव कोसळत.

१९६१ साली येथील शेतकऱ्यांनी अलेक्सी गूर्व्हेनेक या पंचविशीतील तरुण शेतकऱ्याच्या नेतृत्वाखाली एक उत्पादक संस्था काढली. बाजाराची घडी बदलावी म्हणून त्यांनी जोराची चळवळ केली. ८ जून १९६१ रोजी शेतकऱ्यांनी मोर्ले येथील सरकारी कचेरीचा ताबा घेतला व त्यांच्या पुढाऱ्यांस अटकही झाली. पुढील वर्षी फ्रान्समध्ये उत्पादक गटांस मान्यता देणारा शेतीविषयक कायदा झाला. येथे चळवळीपेक्षा त्यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे.

संस्थेने माल एका ठिकाणी विकण्याची पद्धत घालून दिली. प्रत्येक मालाची ठरलेल्या प्रतीनुसार वर्गवारी करावयाची आणि घड्याळी लिलावाने तो विकावयाचा, असा नियम केला. ही लिलावाची रीत हॉलंडमधील आहे. मोठ्या तबकडीवरील काटा वरच्या भावापासून खाली सरकत येतो. व्यापारी आपल्या जागी बसून कळ दाबतात. जो प्रथम दाबील त्यास त्या भावाने माल मिळतो. फार वाट पाहणाऱ्याचा माल दुसरा घेऊन जातो. भाव सर्वांसमोर ठरतो आणि शेतकऱ्यास गाडीपाशी ताटकळत उभे राहावे लागत नाही. हा लिलाव घेणारे व्यापारी पुढे मोठ्या दुकानांस माल पुरवितात. परंतु त्यांना एकेका शेतकऱ्याशी नव्हे, तर संपूर्ण भागाच्या मालाशी व्यवहार करावा लागतो.

पुढे या भागाचा माल 'प्रिन्स द ब्रेताञ' या एकाच छापाने बाजारात जाऊ लागला. जानेवारी १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय सामाईक बाजारात आले, तेव्हा तेथे फुलकोबी पोहोचविण्यासाठी या शेतकऱ्यांच्या पुढाकाराने रोस्कोफ बंदरातून समुद्रापलीकडील प्लिमथपर्यंत बोटीची फेरी सुरू झाली. 'ब्रिटनी फेरीज' ही जलवाहतूक कंपनी त्यातूनच उभी राहिली. दुकानदार मोठे झाले तसे शेतकरीही एकत्र येऊन मोठे होऊ शकतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

दुधाच्या भावाचे उदाहरण

मोठे दुकान व शेतकरी यांत नेहमी वैरच असते असेही नाही. कारफूरने १९९२ साली नॉर्मंडीतील पशुपालकांशी गोमांसाबाबत करार करून जात, चारा व संगोपन यांच्या अटी लिहून घेतल्या. तशाच पद्धतीने इतर मालांचे करार पुढे झाले. अटी अधिक, परंतु गिऱ्हाईक व मुदत निश्चित, असा हा व्यवहार आहे.

एप्रिल २०१५ मध्ये युरोपातील दूध उत्पादनावरील कोटापद्धत रद्द झाली आणि दुधाचे भाव घसरले. फ्रान्समधील ब्रेस भागातील दूध उत्पादक अडचणीत आले. तेव्हा निकोला शाबान यांच्या पुढाकाराने एक प्रयोग झाला. दुधाचा भाव किती असावा, हे गिऱ्हाइकांनाच प्रश्नावली देऊन विचारण्यात आले. शेतकऱ्यास किती मिळावे, गाई चरावयास सोडाव्यात काय, अशा प्रत्येक प्रश्नापुढे त्यामुळे वाढणारी किंमत लिहिलेली होती. त्यातून लिटरला ९९ सेंट विक्रीचा भाव ठरला व त्यांपैकी ३९ सेंट शेतकऱ्यास मिळावयाचे होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये हे दूध प्रथम कारफूरच्या दुकानांत विक्रीस आले व गिऱ्हाइकांनी ते आवडीने घेतले. शेतकऱ्यास किती पोहोचते हे वेष्टनावर सांगितले, तर थोडे अधिक देण्यास तयार असणारे ग्राहकही असतात, असे यावरून दिसते. मात्र ब्रेसच्या उत्पादकांनी गटाने दूध दिले म्हणूनच हा प्रयोग साधला.

आपल्याशी असलेला संबंध

ही सर्व परदेशची हकिगत झाली. तिचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन प्रकारचा आहे.

कारफूर भारतातही आली होती. डिसेंबर २०१० मध्ये दिल्लीत तिचे पहिले दुकान उघडले. ते व्यापाऱ्यांना घाऊक माल विकणारे होते, कारण त्या वेळी अनेक प्रकारच्या मालाची थेट किरकोळ विक्री करण्यास परदेशी कंपन्यांना परवानगी नव्हती. २०१२ साली ती सशर्त मिळाली. परंतु २०१४ साली कारफूरने आपली पाचही दुकाने बंद केली. जर्मनीची मेट्रो ही घाऊक साखळी २००३ पासून आपल्या देशात होती. तिचा येथील व्यवसाय २०२३ साली रिलायन्स रिटेलकडे गेला. परदेशी पाट्या उतरल्या, तरी मध्यवर्ती खरेदी, प्रतवारी व उधारीची मुदत ही व्यापाराची रीत देशी साखळ्यांनी चालू ठेवली आहे. महाराष्ट्रात २०१६ पासून फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक झाल्याने या खरेदीदारांशी शेतकऱ्याची गाठ आता थेट पडते.

दुसरा संबंध नाशिक, सांगली व सोलापूर भागांतील द्राक्षबागायतदारांस चांगलाच परिचित आहे. युरोपातील दुकानसाखळ्यांनी १९९७ साली शेतमालासाठी एक समान नियमावली करण्यास आरंभ केला. तीच आज 'ग्लोबलगॅप' या नावाने ओळखली जाते. फवारणीची नोंद, पाण्याची तपासणी, मजुरांची सुरक्षितता यांच्या अटी या दुकानांनी घातल्या आणि त्या आपल्या बांधापर्यंत आल्या. २००३ साली औषधांच्या अंशांवरून युरोपात आपल्या द्राक्षांविषयी तक्रार झाली. त्यानंतर अंश-तपासणीची योजना आखण्यात आली व २००६ पासून 'ग्रेपनेट'वर बागांची नोंदणी होऊ लागली. तरीही २०१० साली वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीसीसी या संजीवकाचे अंश सापडून पुष्कळ माल अडकला व बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. आपण काय फवारले, याची नोंद हीसुद्धा मालाची प्रतच आहे, हा धडा त्या हंगामाने दिला.

या अटींस तोंड देण्यास एकट्या बागायतदाराची शक्ती अपुरी पडते. १९९१ साली सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स'ची स्थापना केली, ती याच जाणिवेने. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील 'सह्याद्री' ही शेतकरी उत्पादक कंपनीही त्याच वाटेने गेली आहे.

गटाने काय करावे

वरील विवेचनावरून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गटांसमोर पुढील गोष्टी मांडाव्यात.

१. एकाच गावात दहा जाती व दहा लागवडीच्या तारखा असल्या, तर मोठा खरेदीदार त्या गावाकडे फिरकत नाही. गटाने जात ठरवावी आणि माल आठवड्यागणिक थोडाथोडा निघेल अशा बेताने लागवडी विभागून घ्याव्यात.

२. प्रतवारी आपल्या खळ्यावर, आपल्या डोळ्यांसमोर करावी. खरेदीदाराने आकाराची अट घातली असेल तर आकार मोजण्याची कडी वा चाळणी गटाकडे असावी. परत येणारा माल आधीच वेगळा काढला, तर त्यास दुसरे गिऱ्हाईक वेळेवर शोधता येते.

३. करार लेखी असावा. पैसे किती दिवसांत मिळणार, वजन कोठे व कोणाच्या काट्यावर होणार, माल नाकारल्यास कारण लेखी मिळणार की नाही, वाहतूक व क्रेटांचा खर्च कोणाचा, या चार गोष्टी त्यात स्पष्ट लिहून घ्याव्यात.

४. भावाची तुलना करताना हाती पडणाऱ्या रकमेची करावी. बाजार समितीत रोख मिळणारे अठरा रुपये आणि चाळीस दिवसांनी मिळणारे एकोणीस रुपये यांत अधिक काय, याचा हिशेब गटाच्या सभेत फळ्यावर मांडावा.

५. सर्व माल एकाच खरेदीदारास देण्याचे टाळावे. बाजार समिती, स्थानिक आठवडी बाजार व प्रक्रिया करणारे कारखानदार यांची वाट खुली ठेवावी. घेणारा एकच उरला, की अटीही त्याच्याच राहतात.

६. फवारणी, खते व तोडणी यांची नोंदवही प्रत्येक सभासदाने ठेवावी. घरातील शिकलेल्या मुलीस वा मुलास हे काम सोपविल्यास ते नियमितपणे होते.

त्या वयस्क शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे शेवटी वळू. ही दुकाने आपल्या भल्यासाठी निघालेली नाहीत, तशी वाईटासाठीही नाहीत. ती त्यांच्या नफ्यासाठी निघालेली आहेत, आणि तो नफा स्वस्त खरेदी, जलद विक्री व उशिरा दिलेला पैसा यांवर उभा असतो. समोर एकटा शेतकरी असेल, तर तो नफा त्याच्या पदरातून जातो. समोर प्रतवारी केलेला माल, नोंदवही व लेखी अटी घेऊन उभा असलेला गट असेल, तर त्याच दुकानास भाव व मुदत यांबाबत बोलणे करावे लागते. सँ-पोल-द-लेओंच्या शेतकऱ्यांची फुलकोबी आपल्या फुलकोबीहून काही निराळी नव्हती. त्यांनी ती विकण्याची रीत बदलली.

पुढील हंगामात त्याच गावी पुन्हा सभा घेण्याचे ठरले आहे. त्या वेळी टोमॅटोचा आकार मोजण्याच्या कड्या व कराराचा एक कच्चा मसुदा सोबत नेण्याचा मानस आहे. इतर गावांतील कार्यकर्त्यांनीही लागवडीपूर्वीच अशी सभा घ्यावी. माल तोडणीस आल्यावर अटी ठरविण्यास वेळ उरत नाही.